अप्पा हयात असताना

बाबा गेले त्याला महिना झाला. समाचाराला येणाऱ्यांना मी त्यांच्या आजारपणाविषयी सांगते. ही हकीकत सांगावीशी वाटते, पण सांगत नाही. हसू येईल म्हणून.

१८९४ साली बाबा, म्हणजे चिंतामणी, एकोणीस वर्षांचे होते आणि गिरगावातल्या एका नाटक मंडळीत नटाचं काम शिकत होते. सहा महिने तालीममास्तरांनी त्यांना लुगडं नेसून चालायला, बसायला, पदर सावरायला शिकवलं. मग एके दिवशी म्हणाले, "राणीचं काम तुझं. पण शनिवारी खेळ आहे, त्याच्या आत मिशी उतरव. मिशीवाली राणी मला नको."

अडचण अशी, की वडील हयात असताना मुलाने मिशी काढायची नाही. ती वडील गेल्यावरच उतरवायची. बाबांची आई लहानपणीच गेलेली. घरात बापलेक दोघेच. बाबांनी वडिलांना, म्हणजे अप्पांना, तीनदा विचारलं. अप्पा कचेरीत हेडकारकून. तिन्ही वेळा उत्तर एकच, "मी मेल्यावर काढ."

शुक्रवारी दुपारी बाबा न्हाव्यापुढे बसलेच. मग डोकं-तोंड उपरण्यात गुंडाळून खोताच्या वाडीत घरी आले. कुलूप उघडताना उपरणं घसरलं. शेजारच्या दुर्गाकाकूंनी बिनमिशीचा ओठ पाहिला आणि हंबरडा फोडला, "अगं बाई, अप्पा गेले! कचेरीतच गेले!"

बाबा "नाही, नाही" म्हणत राहिले. दुःखात माणूस असंच म्हणतो, म्हणून कोणी ऐकलं नाही. तासाभरात बायका रडायला बसल्या, पुरुषांनी बांबू आणले.

सहाच्या सुमारास अप्पा आले, एका हातात छत्री, दुसऱ्यात पापलेटांची जोडी. गर्दी पाहून दचकले. "कोण गेलं रे?"

दुर्गाकाकू म्हणाल्या, "तुम्हीच की, अप्पा."

अप्पांनी मुलाच्या ओठाकडे पाहिलं. "असं होय! राणी व्हायचंय ना? मग मी गेलोय. रड बघू. खोटं वाटलं तर उद्यापासून नाटक बंद."

बाबांनी उपरण्याचा पदर घेतला आणि ओटीवर बसले. आधी रडले नाहीत. नुसते दाराकडे पाहत राहिले, कोणीतरी अजून यायचं असल्यासारखे. मग ओठ थरथरला. अप्पा समोर धडधाकट उभे असूनही बायकांनी पुन्हा डोळे पुसले.

"पुरे रे," अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मलाच खरं वाटायला लागलं." नाक पुसायला हात मोकळा नव्हता; पापलेटं त्यांनी दुर्गाकाकूंकडे दिली. "मास्तरांना सांग, उद्या पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेवा. सगळ्या गिरगावाला मी दिसलो पाहिजे."