तोंडी परीक्षेतली आई

फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंना सगळी शाळा मादाम म्हणायची, अगदी शिपाईसुद्धा. मादाम मोठ्या हौशी. पाठांतराचा त्यांना मनापासून तिटकारा. भाषा बोलायची असते, घोकायची नसते, हे त्या इतक्यांदा सांगायच्या, की मुलांनी तेच वाक्य घोकून टाकलं होतं.

तोंडी परीक्षेसाठी त्यांचा एक ठरलेला सल्ला असे. "खरं सांगायची काही गरज नाही. बोलत राहा म्हणजे झालं. भाऊ नाही? बनवा. कुत्रा नाही? पाळा. मी काही तुमच्या घरी मोजायला येणार नाहीये." मुलांना हे भलतंच आवडलं. दोन खोल्यांच्या घरांना बागा फुटल्या, कुणाच्या आजोबांनी होडी घेतली, आणि वर्गातल्या सगळ्यात भित्र्या मुलाच्या दारात कुत्र्यांचा कळप उभा राहिला. मादाम खूश होत्या. थापा तर थापा, पण मुलं बोलत तरी होती.

एक मुलगी मात्र काहीच बनवायची नाही, कारण ती बोलायचीच नाही. याच वर्षी शाळेत आलेली. मुलांनी आठवड्याभरात तिचं नाव 'म्यूट' ठेवलं. टोपणनावं ठेवण्यात मुलांचा हात कोण धरणार? लिहायला बसवा, पानंच्या पानं बिनचूक. तोंड उघड म्हटलं की दातखीळ. मार्कांच्या तक्त्यात 'संवाद पुढे नेणे' असा एक रकाना होता, आणि सरावाच्या प्रत्येक फेरीत तिच्या नावापुढे मादामना तिथं शून्य घालावं लागे. तोंडीत नापास झालं तर पुढच्या वर्षी फ्रेंच सोडावं लागणार होतं. इतकी हुशार मुलगी हातची जाणार म्हणून मादामचा जीव तुटायचा.

त्यांनी मग हट्टच धरला. मधल्या सुट्टीत तिला समोर बसवायचं आणि खोदून खोदून विचारायचं.

"आई काय करते?"

"आई... नर्स."

"बरं, मग? पुढे?"

मुलगी बाकाच्या कडेवरून नख फिरवत बसायची. वर्गशिक्षक एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणालेही होते, "मादाम, तिच्या घरी जरा अडचण आहे वाटतं. वडील नीट काही सांगत नाहीत." मादामनी वहीतून डोकं वर काढलं नाही. "अडचण कुणाच्या घरी नसते, सर? मला तिच्या तोंडून चार वाक्यं काढू द्या आधी."

परीक्षा वाचनालयाशेजारच्या लहानशा खोलीत होती. एकेकानं आत जायचं, चित्र उचलायचं, त्यावर बोलायचं, आणि मग मादामच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मुलीला आलेल्या चित्रात एक कुटुंब टेबलाभोवती बसलं होतं. टेबल, खुर्ची, दूध, एवढं बोलून ती थांबली. मादामनी फारशी आशा न धरता विचारलं, "आणि तुझी आई?"

मुलगी चित्राकडे बघत राहिली. मग फ्रेंचमध्येच बोलू लागली, हळू, पण न अडखळता.

"माझी आई घरी नाही. अपघात झाला. ती हॉस्पिटलमध्ये आहे. ती जेवते, ती बोलते, पण ती मला ओळखत नाही. मी रविवारी जाते. मी तिची वेणी घालते. मागच्या रविवारी तिनं विचारलं, तू कुणाची मुलगी? मी म्हटलं, तुझी. ती हसली, कारण तिला वाटलं, मी गंमत करते."

मादामचं पेन कागदावर धावत होतं. वाक्याला वाक्य जोडलेलं. उच्चार स्वच्छ. चक्क 'कारण' वापरलं पोरीनं! वर्षभराच्या कष्टांचं चीज झालं, या आनंदात त्यांना दुसरं काही ऐकूच आलं नाही.

"त्रे बियाँ!" त्या म्हणाल्या. शाबास, फारच छान! आणि तक्त्यातला पुढचा प्रश्न त्यांनी हसतमुखानं टाकला. "रविवारी मजा म्हणून काय करतेस?"

मुलीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसतच होत्या.

"पोहायला जाते," ती म्हणाली.

मादामनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात शिरल्या त्याच वरातीत निघाल्यासारख्या. "थापा सगळेच मारता," त्या म्हणाल्या, "पण बनवावं कसं, ते हिच्याकडून शिका. ये गं, कालची आईची गोष्ट सगळ्यांना सांग."

मुलगी जागची हलली नाही. "लाजतेस काय? काल किती सुंदर बोललीस!" सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला, तेव्हा ती उठली आणि फळ्यापाशी जाऊन उभी राहिली.

"माझी आई घरी आहे," तिनं फ्रेंचमध्ये सुरुवात केली. "सकाळी ती मला उठवते. मी उठत नाही. ती पांघरूण ओढते. ती माझी वेणी घालते. ती घट्ट घालते, म्हणून मी ओरडते. ती मला नावानं हाक मारते. ती दिवसभर मला नावानं हाक मारते."

"अगं, ही नको!" मादाम मधेच म्हणाल्या. "हे तर घरोघरी असतंच. कालची सांग ना, बनवलेली."

"बनवलेली हीच आहे, मादाम."

हे ती फ्रेंचमध्ये बोलली नाही. आणि आवाज असा, की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला. कुणी हसलं नाही. ज्यानं 'म्यूट' नाव ठेवलं होतं, तो खाली बघायला लागला.

मादाम पहिल्या बाकावर, मुलांच्या शेजारी, मिळेल त्या जागेत टेकल्या. कालचं एकेक वाक्य आता त्यांना नीट ऐकू येत होतं, आणि प्रत्येक वाक्यापाठोपाठ आपलं हसणंही. शरमेनं त्यांना मान वर करवेना.

मुलीला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं, म्हणून ती फळ्यापाशीच उभी राहिली होती. तिनं घाबऱ्या घाबऱ्या विचारलं,

"मादाम, काल मी खरं सांगितलं. आता माझे मार्क कापणार का?"

मादामना 'नाही गं' म्हणायचं होतं. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.