खडूला छप्पर नसतं

मिस्त्रीचं घर चार चाकांवर होतं. शिलाई मशिनी दुरुस्त करत तो गावोगाव फिरायचा, आणि बायको, लेक, स्टोव्ह, अंथरूण, सुट्या भागांचे डबे असा सगळा संसार त्याच्याबरोबर फिरायचा. अकरा गावांतले शिंपी त्यांची वाट बघत असत. तो मशीन खोलून बसला की बायको शेजारी बसून कपडे बेतायची. तिचा हात असा, की माप घेतलं आणि कपडा बसला नाही असं व्हायचंच नाही. एक नवऱ्याचा शर्ट तेवढा तिला कधी साधला नव्हता. गाडीत ठाकठीक दिसायचा. तो खाली उतरला की पाठीवर झोळ पडायचा. दिव्याखाली अंधार, असं म्हणून तिने तो नाद सोडून दिला होता.

ती छोटी व्हॅन पाच वर्षांपूर्वी दोघांनी मिळून सजवली होती. दिवसा कामाचं बाक, रात्री त्यावर गादी. साडेतीन वर्षांपूर्वी लेक आली, ती कुठल्याही फटीत मावायची म्हणून मुंगी झाली. आता बायकोचा पाचवा महिना सरत आला होता आणि मुंगीच्या पाठच्याला ठेवायला फट शिल्लक नव्हती.

मिस्त्रीला लहानाचं मोठं केलं ते त्याच्या ताईने. ती फोनवर एकच धोशा लावायची, की माझी वरची खोली रिकामी आहे, आता पुरे झाली भटकंती. शेवटी तिला शब्द दिला गेला होता: सातवा लागायच्या आत चौघांची गाडी उभी राहिली तर ठीक, नाहीतर ताईची खोली. ताईची माया खोटी नव्हती. पण खोली घेतली की अकरा गावं सुटणार होती, आणि गावांशिवाय मिस्त्री कसा दिसेल हे बायकोला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

जुन्या गाड्या विकणाऱ्या काकांच्या आवारात त्यांनी तीन दिवस काढले. काकांनी आधी दाखवली ती पावाची गाडी, बेकरीतून पाव पोचवणारी. उंच, चौकोनी, खिडकीचं नाव नाही. दार उघडताच आतून आंबलेल्या पिठाचा वास आला. "हे घर नाही, डबा आहे," बायको म्हणाली आणि पायरीवरूनच मागे फिरली. मग काकांनी शाळेची मिनीबस दाखवली. दोन्ही बाजूंना खिडक्याच खिडक्या. बाकं काढलेली, जमिनीवर ऊन सांडलेलं. बायको तिथे जी उभी राहिली ती हलेचना.

घाई करायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. गाडी घ्यायच्या आधी ती राहून बघायची, ही त्यांची पद्धत. सौदा होण्याआधी काका बसमध्ये चूल मांडू देईनात, म्हणून बायकोने टेपने बसची लांबी-रुंदी घेतली आणि शिंप्याच्या खडूने आवाराच्या फरशीवर तेवढीच बस आखली. इथे ओटा, इथे मोठा पलंग, इथे मुंगीचा, इथे पाळण्याची जागा. चाकांवरचे उंचवटेसुद्धा ती विसरली नाही. मग एक अख्खा दिवस ते त्या रेघांच्या आत राहिले. जेवले, मुंगीला झोपवलं, मिस्त्रीने एक मशीन खोलून जोडली. भिंतीतून कुणी जायचं नाही, दारातूनच जायचं. मुंगी तर प्रत्येक वेळी नसलेलं दार लावून घ्यायची.

"गाडी घ्यायला आलात की ठिकरी खेळायला?" काकांनी विचारलं.

"काका, चप्पल काढा, आमचं स्वयंपाकघर आहे तिथे," मिस्त्री म्हणाला, आणि काका खरंच दोन पावलं मागे सरले.

त्या दिवशी बायकोला फार बरं वाटत होतं. डबे रचून केलेल्या ओट्यापाशी ती भाजी चिरत असताना मिस्त्री मागून यायचा, तिच्या डोक्यावरून हात नेऊन मीठ घ्यायचा. हे आपल्याला इतकं का आवडतंय, हे तिला कळलं नाही. जागेमुळे असेल, असं तिने धरलं. संध्याकाळी बस घ्यायचं पक्कं झालं. जुनी व्हॅन काकांकडे जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सामान हलवायला घेतलं. मिस्त्री डबे उचलून बसमध्ये न्यायचा, मुंगी खडूच्या घरात बसून चित्रं काढायची. बायकोला जड उचलायला बंदी होती, म्हणून ती मुंगीजवळ येऊन बसली. चित्रात दोन माणसं होती. एक काठीसारखा ताठ, एक छत्रीच्या मुठीसारखा वाकडा.

हे कोण गं दोन दोन, असं तिने विचारलं.

"दोन्ही बाबा. बाबा बाहेर मोठा असतो," मुंगी रंगवता रंगवता म्हणाली. "घरी आला की छोटा होतो."

बायकोने मान वर केली. बसच्या खिडक्यांमधून मिस्त्री दिसत होता. या खिडकीत वाकलेला, पुढच्या खिडकीत वाकलेला, डबा ठेवून वळला तरी वाकलेला. बस जुन्या व्हॅनपेक्षा चार बोटं उंच होती, पण मिस्त्रीला ती चार बोटं कुठे पुरायची? ताई त्याला उगाच उंट म्हणत नसे.

तिने सगळं मोजलं होतं. लांबी, रुंदी, दार, उंचवटे. उंची मोजायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. खडूला छप्पर नसतं. ती स्वतः बुटकी, तिचं डोकं कधी कुठे आपटलं नाही. आणि तो पाच वर्षं असा राहिला होता की घर म्हणजे वाकायचं, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. काल दिवसभर मात्र तो तिच्यामागे सरळ उभा होता. काल काय आवडलं होतं, ते तिला आज कळलं.

तिने त्याला खाली बोलावलं आणि बस नको म्हणाली.

तो आधी हसला. मग तिचा चेहरा बघून पायरीवर टेकला. खिडक्यांचं काय, तारीख जवळ आली त्याचं काय, असं त्याने हळू आवाजात विचारलं. तिने छताकडे बोट दाखवलं. तो वर बघत राहिला, जणू तिथे छप्पर आहे हे त्याला कुणी आत्ताच सांगितलं होतं.

"मला सवय आहे गं," तो म्हणाला. "खरंच काही वाटत नाही."

"तेच तर," ती म्हणाली. "तुला वाटत नाही, आणि मला दिसत नव्हतं."

पावाची गाडी उंच होती, पण ती राहण्याजोगी करायची तर खिडक्या कापायच्या, आतून लाकूड लावायचं, वास घालवायचा. सातव्या महिन्याच्या आत ते उरकणं शक्य नव्हतं. म्हणून तिनेच ताईला फोन लावला आणि घडलं तसं सांगितलं. शब्द मोडणार आहे, पंधरा दिवस जास्त लागतील, हेही सांगितलं. ताई म्हणाली, "माझ्या दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या खुणा आहेत. शेवटची करायला मला स्टुलावर चढावं लागलं होतं. त्याला माझ्या खोलीत बोलवत होते, त्यात थोडं हेही होतं. तू घे पंधरा दिवस. खिडक्या कापल्यात की मापं कळव, पडदे मी शिवते. तुझ्याएवढे नीट नाही व्हायचे."

काकांनी बसच्या चाव्या परत घेताना कपाळावर आठ्या घातल्या. पहिल्या दिवशी दाखवली होती, तेव्हा नाक मुरडलंत, असं म्हणत ते पावाच्या गाडीचं दार उघडायला गेले. खडूचं घर पुसू का, हे मात्र त्यांनी मुंगीला विचारलं. ती नको म्हणाली, आणि त्यांनी आपला टेम्पो त्याला वळसा घालून नेला.

मिस्त्री आत चढला. डोक्यावर वीतभर जागा मोकळी होती, तरी तो मान खाली घालूनच उभा राहिला. बायकोने कोपऱ्यातला पावाचा रिकामा क्रेट पालथा घातला, त्याचा हात धरून त्यावर चढली आणि गळ्यातली टेप काढली.

"आत्ता कशाला?" तो म्हणाला.

"गप्प उभा राहा. शर्टाचं माप घेतेय."

तिने टेपचं टोक त्याच्या मानेच्या मणक्यावर धरलं. दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी उचलली. खांदे हळूहळू मागे गेले, कुठेतरी कट्कन वाजलं आणि तो मोठ्याने श्वास सोडून हसला. पाठीचं माप नेहमीपेक्षा दीड इंच कमी भरलं. म्हणजे कात्री चुकत नव्हती. इतकी वर्षं ती गाडीतच त्याचं माप घेत होती, वाकलेल्या माणसाचं.

तिने आकडा हातावरच खडूने लिहिला. तेवढ्यात त्याची मान सवयीने पुन्हा खाली येऊ लागली.

दारात उभ्या असलेल्या मुंगीने ते पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "घर आलं तरी मोठाच राहा."