भूर्जाच्या गाठीचा वाडगा

"दादा, आभाळ एकच ना? मग त्याला हाक मारायच्या तऱ्हा दोन कशा?"

एर्केन हे सारखं विचारायचा. त्याचा थोरला भाऊ तोगान हसायचा, वहिनी वाढायला घ्यायची, आई तोंड फिरवायची. ऐकत राहायचो तो मी. मी एक वाडगा, भूर्जाच्या गाठीतून कोरलेला.

इडिल, म्हणजे व्होल्गा नदीच्या काठी राज्य करणाऱ्या मंगोलांच्या एका सरदारघरात माझा जन्म गेला. तरुणपणी माझ्यात घोडीचं आंबवलेलं दूध फेसाळायचं. पहिले थेंब आभाळाला उडवायचे, मग ओठाला लावायचं.

तोगाननं तुर्कांची आयबिके बायको करून आणली आणि घरात तुर्की बोली शिरली. आई मंगोलीत ओरडायची, मुलगे तुर्कीत उत्तर द्यायचे.

"मुलूख तुम्ही जिंकलात भावजी, पण तुमच्या जिभा आम्ही जिंकल्या!"

"जिभा कसल्या, वहिनी? पोटंसुद्धा!" एर्केन मला तिच्यापुढे धरायचा.

पुढे खान मुसलमान झाला, त्याच्यामागून तोगानही. नमाजाआधी हातपाय धुवायचे. पण आमच्यात उन्हाळ्यात वाहत्या पाण्यात हात घातला, की वीज पडते म्हणतात. तोगान मला नदीत बुडवायचा आणि काठापासून लांब जाऊन हातपाय धुवायचा. "आईचं आभाळ चिडत नाही, माझा नमाज चुकत नाही," म्हणायचा. काय दिवस होते ते!

यंदाच्या उन्हाळ्यात शिकारीत घोडा कोसळला आणि तोगान गेला.

आईला त्याला माळावर पुरायचं होतं. वर घोडे फिरवायचे, खूण म्हणून ठेवायची नाही. जुनी रीत.

"आई, मला जवळ जाऊन बसायला कबर हवी," आयबिके म्हणाली.

कबर म्हणजे आधी अंघोळ आली, आणि पुरुषाला अंघोळ घालायला जवळचा पुरुष हवा. तोगानला मुलगा नव्हता. सगळे एर्केनकडे बघू लागले. त्यानं मला अशी लाथ घातली, की माझा काठ तडकला. अजून तसाच आहे.

"प्रेताला शिवलास, तर नवा चंद्र दिसेपर्यंत माझ्या तंबूत पाय ठेवायचा नाहीस," आई म्हणाली. मग तिचा आवाज फाटला. "एक गेला. तू तरी जवळ राहा रे."

"आणि वहिनीनं कुठं बघून रडायचं गं? सगळ्या माळाकडे?"

त्यानं मला उचललं. आईनं तंबूचा पडदा ओढून घेतला.

मुल्ला सांगत होता, आधी उजवं अंग. एर्केन ओतत होता. माझ्या चिरेतून पाणी त्याच्या बाहीत ठिबकत होतं. सगळं झाल्यावर मुल्लानं कफन पुढे केलं.

"थांबा जरा," एर्केन म्हणाला.

मला बाजूला ठेवून त्यानं भावाची मिटलेली मूठ उघडली. बोटांत अडकलेले आयाळीचे केस सोडवले आणि एकेका नखातली माती आपल्या नखानं हळूहळू काढली.