बारा वीसचा मुहूर्त

देगलूरजवळच्या आमच्या गावात उन्हाचं कौतुक फार. पारा त्रेचाळीसवर गेला की माणसं छाती पुढे काढून सांगतात, "आपल्याला काय होतंय, सवय हाय!" आणि हळूच सावलीला सरकतात. मी मकसूद, बँडवाला. तीस वर्षं लोकांची लग्नं भर दुपारी वाजवली. सुरुवातीला नुसता घाम यायचा. आता ट्रंपेटचं पितळ ओठाला चटका देतं.

माझा धाकटा भाऊ रिजवान मोठा ढोल वाजवायचा. मागच्या मे महिन्यात मिरवणुकीतच तो घेरी येऊन बसला. पाणी पाजलं, अर्ध्या तासानं पुन्हा ढोल त्याच्या गळ्यात अडकवला. अडकवला मीच. तेव्हापासून त्याची बायको बानो माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

यंदा मार्चमध्ये शाळेच्या अंबिका मॅडमनी ग्रामसभेत ठराव आणला. उन्हाळ्यात दुपारच्या मिरवणुका बंद, लग्नं संध्याकाळी. रस्ता रुंद करताना तोडलेल्या कडुलिंबांच्या जागी नवी झाडं, त्यासाठी गावानं मिळून अर्ज करायचा. दरसाल ऊन कसं वाढत चाललंय, त्याचा तक्ताच त्यांनी भिंतीवर लावला होता.

मला वाटलं, ठराव झालाच. कारण आठवडाभर हॉटेलात चहा पिताना जो तो माझ्या कानाशी लागत होता. गुरुपादप्पा तर म्हणाले होते, "मकसूदभाई, दुपारचं लगीन बंदच व्हायला पाहिजे. आमची म्हातारी लई भेऊन राहिली." त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं.

सरपंच भीमाशंकर म्हणाले, "ठराव मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

वर गेला तो एकट्या मॅडमचा हात. गुरुपादप्पा पंख्याकडे बघत बसले. बाकीचे एकमेकांकडे. मागून कुणीतरी म्हणालं, "धूर सोडणार शहरातले कारखाने, आन् मुहूर्त बदलायचा आपण?" हशा पिकला. लाज वाटते सांगायला, पण मीही हसलो. मनात म्हटलं, बँडवाल्यानं पुढं पुढं केलं तर लग्नाची सुपारी उद्या दुसऱ्या बँडला जाईल. कुणी मोठ्या माणसानं हात वर करू दे, मग आपण करू.

शेजारी रिजवान माझ्याकडे बघत होता. माझ्याआधी तो कधी जेवायलासुद्धा बसला नाही.

मॅडमनी तक्ता गुंडाळला. घरी येताना मी रिजवानला म्हणालो, "पुढच्या साली बघू." तो "हाव" म्हणाला.

गुरुपादप्पांच्या घरच्या लग्नाचा मुहूर्त बारा वीसचा निघाला. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मिरवणूक, रस्त्याला एक झाड नाही. नवरदेवाचे दोस्त "अजून एक, अजून एक" म्हणत नाचत होते. तेवढ्यात ढोलाचा ठेका चुकला. रिजवानचा ठेका कधीच चुकत नसे, म्हणून मी वळून पाहिलं. तो बँडच्या लाल कोटाची बटणं काढायला बघत होता, पण बोटांना ती सापडत नव्हती. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. नांदेडला नेताना रस्त्यातच तो गेला.

दफनानंतर माणसं भेटायला येऊ लागली. एकेकटी, दबक्या आवाजात. "मकसूदभाई, त्या दिवशी मी हात वर करणारच होतो. पण कुणीच करंना." गुरुपादप्पा माझे हात धरून रडले आणि हेच म्हणाले. सरपंचही हेच म्हणाले. चार दिवसांत मला कळलं की अख्खी सभा ठरावाच्या बाजूनं होती. त्यांचा राग यायला हवा होता, पण मला कुठल्या तोंडानं येणार?

बानो पडद्याआडून सगळं ऐकत होती. चौथ्या दिवशी माणसं उठून गेल्यावर तिनं आतूनच विचारलं, "भाईजान, तुमचा हात?"

मी समोरचे रिकामे कप गोळा करू लागलो.

"सभेला जाताना ते मला सांगून गेले व्हते," ती म्हणाली. "भाईजान हात वर करतील, तवा मी बी करीन."