झाकणाची कडा

चाचणी सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत, तोच आमची उडती टॅक्सी उभ्या जागी चाळीस मीटर वर गेली! म्हणजे हलली तसूभरही नव्हती, तिचे पंखेसुद्धा काढून ठेवले होते. पण पडद्यावरचा उंचीचा आकडा शून्यावरून उडाला होता.

चाचणीघरात टेकडीवरच्या रेडिओ टॉवरइतका जबरदस्त ट्रान्समीटर टॅक्सीवर रोखतात. त्याच्या लहरींनी आतली यंत्रं बिथरता कामा नयेत.

"टॉवरजवळून जाताना हिला वाटायचं आपण उंचावर आहोत," तपासनीस बाई म्हणाल्या, "आणि खाली येता येता घुसेल कुणाच्या तरी गच्चीत. पाचपर्यंत दोष शोधा, नाहीतर नापास."

मावशीचा चेहरा उतरला. वर्कशॉपची प्रमुख झाल्यावर तिची ही पहिलीच गाडी. नापास झाली तर प्रमुखपद परत जुन्या साहेबांकडे, असं मालकांनी बजावलंच होतं.

सगळे कामाला लागले. वायरींवरची लहरी अडवणारी जाळी ठीक. जोड ठीक. जुने फिटर बोल्टकाका पुटपुटत होते, "लहरी म्हणजे मुंग्या. फट मिळाली की आत. पण फट आहे कुठं?"

मग ते उंचीयंत्राच्या धातूच्या डब्याकडे वळले आणि मला माझी रविवारची कामगिरी आठवली.

गेल्या वर्षीची मी असते ना, तर दप्तर उचलून गुपचूप घरी गेले असते. पण मी मोठ्यांदा म्हणाले, "मावशी, त्या झाकणाच्या कडेला मी नेलपॉलिश लावलंय."

सगळे थांबले.

"काय लावलंयस?"

"बिनरंगाचं नेलपॉलिश. रविवारी तू झाकण पुसायला दिलं होतंस ना? कडेला रंगच नव्हता. म्हटलं, गंजेल बिचारी. दोनदा लावलं."

"दोनदा!" बोल्टकाका म्हणाले. "एकदा लावून समाधान झालं नाही बाईसाहेबांचं!"

"अगं माझे आई," मावशीने कपाळावर हात मारला, "ती कडा मुद्दाम उघडी ठेवतात! धातूला धातू भिडला तरच लहरींना डबा बंद. तू तर मध्ये नेलपॉलिशचा थर देऊन चारी बाजूंनी फट करून ठेवलीस. आणि दिसतही नाही!"

साडेचार वाजले होते. मी दप्तर उपडं केलं. वह्या, कंगवा आणि तळाशी नेलपॉलिश काढायची बाटली. मावशी आणि मी कडा पुसत सुटलो. बोटं पांढरी पडली.

पाचला सात मिनिटं कमी असताना ट्रान्समीटर परत सुरू झाला. शून्य. जोर वाढवला. शून्य. आणखी वाढवला. शून्यच!

"पास," बाई म्हणाल्या. "दोषाचं कारण लिहून द्या."

मावशीने लिहिलं, 'झाकणाच्या कडेवर नेलपॉलिश.' बाईंनी ते दोनदा वाचलं. "लावलं कुणी?"

"भाचीनं. सांगितलंही तिनंच."

बाहेर आल्यावर मावशीने माझा कान धरला. जोरात नाही, पण धरला.

"शनिवारी ये. झाकण बसवायला शिकवते. आणि येताना नखं कोरी हवीत!"