एक बटन वेगळं

कम्प्यूटरनं माझ्या आत्याचा पहिला अपमान केला तो लाल अक्षरात.

आत्या म्हणजे रेणुकाबाई. औरादच्या आठवडी बाजारात जुने कपडे विकायची. स्टीलची भांडी टोपलीत घालून गल्लोगल्ली फिरायची, भांड्याच्या बदल्यात कपडे घ्यायची, धुऊन इस्त्री करून बाजारात मांडायची. तिचा एक नियम होता. शर्ट हातात आला की सगळ्यात खालचं बटन कात्रीनं कापायचं आणि ज्याचा शर्ट त्याच्याच तळहातावर ठेवायचं. "कापड माझं, बरकत तुमची." मग त्या जागी भलतंच बटन लाल दोऱ्यानं लावायचं. मेलेल्याचा शर्ट ती घेतच नसे; बटन ठेवायला तळहात कुठून आणणार? त्यामुळं औरादमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, एक बटन वेगळं म्हणजे शर्ट जित्या माणसाचा. एवढी गॅरंटी कुठलीच कंपनी देत नाही. मी चौकशी केलीय.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात तिची जागा गेली. तिथं गाळे बांधायचे होते. विचारायला गेली तर साहेब म्हणाला, "तुमचं नाव यादीत नाही." वीस वर्षं ज्या लिंबाखाली बसली, त्या लिंबाचं नाव मात्र यादीत होतं. तोडायच्या.

मग तिचा मुलगा मल्लिकार्जुन पुण्याहून आला, चार दिवसांची रजा टाकून. तो तिथं एका सोसायटीत वॉचमन.

"आई, आता पुरं. चल माझ्यासंगं. तिथं नुसतं बसून खा."

"बसून खायला मी काय गाभण म्हैस हाय व्हय रे?"

मी मध्ये पडलो. मी सुनीलकुमार, बी.कॉम. पास, त्यामुळं दिवसभर नेट कॅफेत मोकळाच. म्हणालो, "अण्णा, आजकाल लोक जुने कपडे इंटरनेटवर विकायलेत."

मल्लिकार्जुन पोट धरून हसला. "रविवारपतोर एक शर्ट इकून दाखवा. इकला तर ऱ्हाऊ द्या हिला हितंच. न्हाई तर गुमान माझ्यासंगं पुण्याच्या गाडीत."

"चालंल," आत्या म्हणाली. इंटरनेट म्हणजे काय, हे तिनं त्यानंतर विचारलं.

तर दुकान निवडायचं होतं. पहिली वेबसाइट फार देखणी. तिनं ब्रँड विचारला.

"कल्लप्पा टेलर लिव्ह," आत्या म्हणाली.

लिहिलं. खाली लाल अक्षरं उमटली. मी वाचून सांगितलं, "हे नाव अवैध हाय म्हणायलंय."

"कल्लप्पा अवैध?" आत्या खुर्चीतून उठलीच. "त्याच्या बापानं आमदाराचा कोट शिवलाय! इचार त्याला, ह्याचा बाप कोण हाय?"

कम्प्यूटरचा बाप कोण, हे मला सांगता येईना. आम्ही ती वेबसाइट सोडली.

दुसरीला ब्रँडचं काही नव्हतं. तिला माणसानं शर्ट घातलेला फोटो हवा होता. मी स्वतःच घातला. फोटोत मी वॉरंट निघाल्यासारखा दिसत होतो. पुढं प्रश्न आला, मालात काही दोष? मी प्रामाणिकपणे लिहिलं, एक बटन वेगळं. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूहून एका मुलीचा फोन आला. गोड हिंदीत म्हणाली, बटन बदलून सारखं लावा, मग माल घेऊ.

आत्यानं फोन हिसकावला आणि आपल्या दखनीत विचारलं, "बाई, तुमारे पास जो शर्टां आते, वो जिंदे आदम्यां के हैं क्या?"

पलीकडं कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"मॅडम, हम ऐसा डेटा नहीं रखते."

आत्यानं फोन माझ्या हातात आपटला. "ठिवत न्हाईत म्हणं! कुणाचाबी शर्ट कुणाच्याबी अंगावर चढवायलेत, आन् खोट माझ्या बटनात? बंद कर ते."

तिसरी वेबसाइट गावंढळ होती. प्लॉट, मोटारसायकली, कोंबड्या, सगळं एकत्र. म्हशीसुद्धा होत्या. आत्याचा जीव जरा शांत झाला. "हितंच बसू. म्हशीला कुणी ब्रँड इचारत न्हाई."

गुरुपादय्या गुरुजींचा पांढरा शर्ट काढला. मी फोटो टाकला आणि लिहिलं, 'शर्ट. एक बटन वेगळं. मालक जिवंत.'

फोन सुरू झाले. एकानं विचारलं, मालक जिवंत म्हणजे शर्टावर कोर्टात केस आहे का? दुसऱ्यानं विचारलं, मालक घर विकणार आहे का? हैदराबादहून एकजण म्हणाला, जिवंत आहे कशावरून?

प्रश्न बरोबर होता. आम्ही फोन घेऊन गुरुजींच्या ओसरीवर गेलो.

"गुरुजी, ह्याच्यात जरा 'मी जित्ता हाय' म्हणा."

गुरुजींनी चष्मा काढला. "पेन्शनसाठी दर वर्षी जित्ता असल्याचा दाखला देतो. आता शर्टासाठीबी द्यायचा? उद्या लंगोटासाठी याल!"

हैदराबादच्या माणसानं सगळं ऐकलं. म्हणाला, आवाज फार जुना वाटतो, रिस्क नको. आणि फोन ठेवला.

"म्हणजे मी काय अर्धा मेलोय?" गुरुजी आम्हालाच ओरडले.

शनिवार उजाडला. मल्लिकार्जुननं आत्याची ट्रंक बांधली. आत्या टोपलीतली भांडी पुसत बसली. दुपारी माझा मोबाइल वाजला. पुण्याचा नंबर.

"ते खालचं बटन लाल दोऱ्यानं लावलंय ना?" पलीकडून आवाज आला. "आपल्या औरादचं हाय का?"

"व्हय."

"मी तिथलाच. हितं सेंट्रिंगच्या कामावर हाव. आमी सहा जण एका खोलीत ऱ्हातो. हितं रस्त्यावर शर्टाचे ढीग पडलेत, पर कोण मेलाय आन् कोण जित्ता, कायबी कळत न्हाई. घातला की पाठ खाजवती. मावशीला सांगा, सहा पाठवा."

आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि मल्लिकार्जुनला म्हणाली, "ट्रंक सोड. त्यात शर्ट घालायचेत."

रविवारी बसस्टँडवर तीच ट्रंक मल्लिकार्जुनच्या डोक्यावर होती. आईला न्यायला आलेला माणूस सहा शर्ट घेऊन निघाला होता. वर आत्यानं सांगितलं, "पोचवून फोन कर. आन् अंगातला तो शर्ट काढ. कॉलर गेलीय. दुसरा घाल."

तो कुरकुरत गाडीमागं गेला आणि शर्ट बदलून आला. आत्यानं कमरेची कात्री काढली, उतरवलेल्या शर्टाचं खालचं बटन कापलं आणि त्याच्या तळहातावर ठेवून वरून मूठ मिटवली. जरा वेळ तशीच धरली.

"कापड माझं, बरकत तुझी."

मग टोपलीतनं एक वाटी काढून त्याला दिली.

मल्लिकार्जुननं वाटी उलटीपालटी केली. "हे काय? चार महिन्याचा शर्ट हाय, आई. ह्याला वाटी?"

"कॉलर गेलीय."

"गुरुजीला पातेलं दिलंस!"

"गुरुजीचा टेरिकॉट हुता."

"मी पोटचा हाव तुझ्या!"

"म्हणून वाटी दिली. दुसऱ्याला चमचा दिला असता."

गाडी हलली तरी तो खिडकीतून वाटी हलवत ओरडत होता, की हा अन्याय आहे आणि निदान झाकण तरी द्यावं. आत्या वळूनही पाहत नव्हती. तिनं शर्ट माझ्या हातात दिला.

"फोटू काढ ह्याचा," म्हणाली. "आन् लिव्ह. मालक जित्ता हाय. वरडायलाय."