पाच पाकळ्यांचं लायलॅक

"बियांपासून लायलॅक? फुलायच्या आत तूच वर जाशील, वेल्टा!" शेजारचा एवाल्ड्स दरवर्षी कुंपणावरून टोमणा मारायचा.

आईच्या लायलॅकचं, म्हणजे जांभळ्या सुवासिक फुलांच्या झाडाचं बी मी कित्येक वर्षांपूर्वी हिवाळाभर ओल्या वाळूत, फ्रिजमध्ये ठेवून रुजवलं होतं. या मे महिन्यात झाड एकदाचं फुललं, तेही पांढरं! बियांची रोपं आईवर जातीलच असं नाही, हे ठाऊक असूनही मी चिडून कात्री आणली.

"अगं बाई, आधी वास तरी घे," एवाल्ड्स म्हणाला.

वास थेट आईच्या झाडाचा होता.

तेवढ्यात एरवीच्या चार पाकळ्यांच्या फुलांत त्याला पाच पाकळ्यांचं फूल सापडलं. आम्ही लॅटव्हियन असं फूल मनात काहीतरी मागून खातो. मी हात पुढे केला, तर त्यानंच ते गट्टम केलं.

"मेल्या, मागितलंस तरी काय?"

"पुढच्या वर्षीही टोमणे ऐकायला तू असावीस."